पेटीची दुसरी किल्ली

आमच्या वाहतूक कार्यालयाकडे स्वतःची एक गाडी आहे. ती गॅरेजमध्ये आहे. तिच्या दुरुस्तीची निविदा अजून निघायची आहे आणि ती फाइल माझ्याच टेबलावर आहे, तेव्हा त्यावर मी जास्त बोलत नाही. सांगायचं एवढंच, की अख्ख्या भागातल्या बसगाड्या कुठून कुठे धावाव्यात हे ठरवणारे आम्ही लोक रोज दुसऱ्याच्या बसने कामाला येतो.

ती बस मावशीची. आमची कुणाचीच ती सख्खी मावशी नाही, पण सगळा गाव तिला मावशीच म्हणतो. टेकडीवरच्या वस्तीतून खाली आमच्या कार्यालयापर्यंत जी एकुलती एक बस येते, ती तिची स्वतःची, आणि चालवतेही तीच. नवरा गेला, घरच्यांनी गाडी विकून टाक म्हणून डोकं खाल्लं, तर बाईने स्टिअरिंगच हातात घेतलं. चढ लागला की गाडीचं इंजिन आणि मावशीचं तोंड एकदमच सुरू होतं. थांब्यावर नेहमीचं माणूस दिसलं नाही, तर ती हॉर्न वाजवते. तरीही आलं नाही, तर त्याच्या घराकडे बघून वाजवते.

हा हॉर्न सगळ्यात जास्त कुणासाठी वाजतो म्हणाल, तर आमच्या साहेबांसाठी. साहेब म्हणजे निविदा शाखेचे प्रमुख. म्हाताऱ्या आईबरोबर वस्तीतच राहतात, आणि कार्यालयात वक्तशीरपणावर भाषण देणारा हा माणूस रोज सकाळी एक बूट पायात आणि एक हातात घेऊन पळत येतो. मावशी रोज थांबते. पण साहेब तिच्याकडून साधी पेपरमिंटची गोळीसुद्धा घेत नाहीत. "कंत्राटदाराकडून काही घेऊ नये," असं म्हणतात आणि चष्मा पुसतात. बोलताना दर वाक्याला एक कलम आणि त्याखाली एक पोटकलम आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना पोटकलमच म्हणतो. त्यांच्या पोटाचा याच्याशी काही संबंध नाही, असं मी तरी म्हणेन.

तर यंदा मावशीच्या मार्गाचं कंत्राट संपत आलं. त्यातच आमचा नवा वाहतूक आराखडा तयार झाला होता. बाहेरून तज्ज्ञ आले, रंगीत रेघा ओढून गेले. वस्तीकडे जाणारी हिरवी रेघ टेकडीच्या पायथ्याशी येऊन थांबली होती, जणू तज्ज्ञांची पेन्सिलच चढाला दमली. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे ती वरपर्यंत ओढली गेली आणि निविदा निघाली. पण शहरातल्या एका बड्या कंपनीचा माणूस हल्ली आमच्याकडे वरचेवर यायला लागला होता. कपडे इतके कडक, की आम्ही त्याचं नाव इस्त्री ठेवलं. त्याला चढ मुळीच आवडत नव्हता. "पायथ्यापर्यंत आणतो ना आम्ही बस! वर चालत जायला कितीसा वेळ लागतो?" असं तो हसून म्हणायचा. त्याला वर जायचं नव्हतं, त्याचं काय जातंय!

आता आमच्याकडे एकच निविदा आली की वाटाघाटी होतात, आणि वाटाघाटीत सगळ्यात आधी गळतो तो चढ. म्हणजे मावशीची निविदा आली नाही, तर तिची बस तर जाणारच होती, वर वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी पिशव्या घेऊन टेकडी चढायची. मावशीला हे पक्कं ठाऊक होतं.

"पोरी, बस गेली तर मी घरात बसून करू काय?" ती मला म्हणाली होती. "भिंतींना हॉर्न देऊ?"

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी बारापर्यंत लिफाफे पेटीत पडायला हवे होते. मावशीचा लिफाफा तयार होता, फक्त जामीनदाराची सही बाकी होती. जामीनदार म्हणजे वस्तीतले निवृत्त मास्तर. ते सही करण्याआधी प्रत्येक पानावरचं शुद्धलेखन तपासतात. "दुसऱ्या फेरीला या, तोवर होईल," असं त्यांनी सांगितलेलं. दुसरी फेरी बाराच्या बरीच आधी खाली पोचते, त्यामुळे मावशी निवांत होती.

निवांत नव्हते ते आमचे साहेब. आमच्या पेटीला दोन कुलपं आहेत. मागे एकदा कुणीतरी वेळ संपल्यावर लिफाफा आत सरकवला म्हणून साहेबांनी स्वतःच हा नियम केला होता: ठरल्या वेळी पेटीच्या झडपेला दोन्ही कुलपं लावावीत, आणि दोन्ही कुलपं लागल्यानंतर आलेला लिफाफा घेऊ नये. एक किल्ली हिशेबनीस बाईंकडे, दुसरी साहेबांकडे. साहेबांचा आमच्यापैकी कुणावर काडीचा विश्वास नाही, त्यामुळे त्यांची किल्ली रोज त्यांच्याबरोबर घरी जाते. त्या दिवशी ती घरून परत आलीच नव्हती.

मला कळलं कसं, तर मी रेकॉर्डच्या खोलीत कपाटामागे जुनी फाइल शोधत होते आणि साहेब फोन घेऊन आत शिरले. त्यांच्या आईला कमी ऐकू येतं. साहेब कुजबुजले, आईला ऐकू गेलं नाही. साहेब पुन्हा कुजबुजले. शेवटी ओरडलेच.

"किल्ली, आई, किल्ली! पितळेची! आत्ताच्या बसला दे पाठवून!"

फोनमधून आईंचा आवाज मला स्पष्ट आला. "अरे सोन्या, मग ओरडतोस कशाला?"

मी कपाटामागे ओठ दाबून उभी राहिले. हसू आवरता आवरता माझ्या नाकी नऊ आले.

थोड्या वेळाने माझ्या टेबलावरचा फोन वाजला. आईच होत्या. "सोन्या नाहीये का तिथं? त्याला सांग, किल्ली कुठं सापडेना. बस दारात उभी केलीय. मी म्हटलं, जा बाई तू, तुझंही आज काम आहे ना. तर ती म्हणते, शोधा तुम्ही, मी थांबते."

मी घड्याळाकडे पाहिलं. "आई, तिला म्हणावं निघ!"

"म्हटलं की गं. गाडीतली माणसंही ओरडतायत. ती म्हणते, साहेबांचं नाक कापलं जाईल. पेटीला कुलूपच लागलं नाही तर माझं पाकीट तरी कोण उघडणार?" मग भांड्यांचा खडखडाट, पाण्याचा आवाज, आणि एकदम, "सापडली! भिजवलेल्या पँटच्या खिशात होती मेली!"

बाराचे ठोके पडले. हिशेबनीस बाईंनी आपलं कुलूप लावलं आणि साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पेटीकडे पाहिलं. दुसरं कुलूप नुसतं कडीला लटकत होतं. किल्लीशिवाय ते दाबूनही लागत नाही, आमची खरेदी आहे ती. शेजारच्या खोलीत चहा घेत बसलेला इस्त्री घड्याळ बघत बाहेर आला.

"सुरू करायचं ना, साहेब? माझी एकट्याचीच दिसतेय."

"जरा थांबा," साहेब म्हणाले. कपाळावर घाम होता.

आणि मग जिन्यावरून धापा टाकत मावशी आली. एका हातात लिफाफा, दुसऱ्या हातात ओल्या रुमालाची पुरचुंडी. आधी तिने पुरचुंडी पुढे केली.

"हे आईंनी दिलंय, साहेब." मग लिफाफा. "आणि हे माझं."

"अहो, बारा वाजून गेले!" इस्त्री म्हणाला. "हा लिफाफा आता घेता येणार नाही."

मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. उशीर का झाला हे ती सांगेल, असं मला वाटलं. एक शब्द नाही बोलली बाई. साहेबांचं झाकायचं म्हणून मूग गिळून उभी राहिली. मला तिचा राग आला, साहेबांचा आला, भिजवलेल्या पँटचासुद्धा आला. सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

"बरं," ती लिफाफा छातीशी धरून म्हणाली. "ते नीट ठेवा, साहेब. साबणाचं आहे, घसरतं." आणि वळली.

साहेबांनी मुकाट्याने कुलूप लावलं असतं तर प्रश्नच मिटला होता. किल्लीचं गुपित इस्त्रीला ठाऊक नव्हतं. कुणी बोट दाखवलं नसतं. उलट मावशीला आत घेतलं, तर स्वतःच्या दारात बस येते म्हणून साहेबांनी मेहेरबानी केली, अशी बोंब झाली असती. साहेब पुरचुंडीकडे बघत राहिले. रुमालातून पाण्याचे थेंब टेबलावर पडत होते.

"मावशी, थांबा," ते म्हणाले. "हिशेबनीस बाई, तुमचं कुलूप काढा. मावशी, लिफाफा पेटीत टाका."

"कुठल्या नियमाने?" इस्त्री कडाडला.

"दोन्ही कुलपं लागल्यानंतर आलेला लिफाफा घेऊ नये. कलम आमचंच आहे. दुसरं कुलूप अजून लागलेलं नाही."

"पण बारा वाजता का लागलं नाही?"

साहेबांनी पेन काढलं आणि आजच्या कामकाजाच्या कागदावर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते.

"दुसरी किल्ली अधोस्वाक्षरीकार घरी विसरला. ती आणून देण्यासाठी निविदाधारक महिलेने आपली बस थांबवून ठेवली. अधोस्वाक्षरीकार त्याच मार्गावर राहतो, सबब हा निर्णय वरिष्ठांनी तपासावा." खाली सही केली. मग मान वर न करता म्हणाले, "पोटकलम काही नाही."

हिशेबनीस बाईंचं तोंड उघडं राहिलं. मी मेलीने मात्र डोळ्याला पदर लावला, आणि धूळ गेली म्हणून सांगितलं.

लिफाफे उघडले. इस्त्रीने पायथ्यापर्यंतचीच बस देऊ केली होती, मावशीने वस्तीपर्यंतची. इस्त्रीने वर तक्रार केली. वरच्यांनी आमचं कलम उलटसुलट वाचलं, त्यात खोट काढता आली नाही, आणि मार्ग मावशीकडे राहिला. साहेबांना एक लेखी समज मिळाली. ती त्यांनी स्वतःच फाइलला लावली.

पण माणूस बदलतो थोडाच! नव्या करारात साहेबांनी एक कलम घातलं: कोणत्याही थांब्यावर एका प्रवाशासाठी बस थांबवून ठेवू नये. मावशीने ते वाचलं, मान डोलावली, सही ठोकली.

करार लागू झाला त्याच संध्याकाळी आम्ही सगळे बसमध्ये बसलो. साहेब नव्हते. मावशीने हॉर्न दिला, वाट पाहिली नाही, आणि गाडी काढली. मागच्या काचेतून साहेब दिसले, एक हात वर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीव खाऊन पळत येताना. मला मावशीचाही जरा रागच आला.

वळण आलं. तिथे ना पाटी, ना शेड, नुसती एक भिंत. मावशीने करकचून ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि पेपरमिंटची गोळी तोंडात टाकून बसली. बऱ्याच वेळाने साहेब दारात उगवले, लालबुंद होऊन.

"इथे थांबा नाहीये," ते धापा टाकत म्हणाले.

"म्हणून तर उभी राहिले, साहेब. थांब्यावर तुमच्यासाठी उभं राहायला तुम्हीच मनाई केलीय."

साहेबांनी तिकीट काढलं, जागेवर बसले, चष्मा पुसला. मग पुढे वाकून त्यांनी मावशीसमोर हात पसरला, आणि तिने त्यावर एक गोळी ठेवली.

त्या वळणाबद्दल साहेबांनी आजवर एकही कलम लिहिलेलं नाही.