विचारायची पद्धत

अर्धी गोळी. टेबलाच्या काचेवर ठेवलेली, पांढरी, कापलेली कड किंचित चुरलेली... आणि समोर शिंपीकाका, पकडले गेल्यासारखे मुळीच नाहीत, उलट हातातल्या सफाईची दाद मिळावी म्हणून बसलेले.

"रोज अर्धीच घेतो. कात्रीनं कापतो. पूर्ण घेतली की दुपारी गरगरतं, सुईत दोरा जात नाही. डॉक्टरबाईंना मात्र सांगू नका हं!"

"सांगावं लागेल, काका. पण त्या रागावणार नाहीत, हे मी बघते."

मधुमेहाच्या या दवाखान्यात समुपदेशक म्हणून तिचं काम एवढंच – डॉक्टरबाईंनी तपासलेला माणूस शेजारच्या खोलीत तिच्यासमोर यायचा आणि तिथे खरं बोलायचा. जादूबिदू काही नव्हती. बाई विचारायच्या, गोळ्या वेळेवर घेता ना? त्या धाकापुढे नाही म्हणायची कोणाची छाती? ती म्हणायची, बऱ्याच जणांच्या चुकतात, तुमच्या या आठवड्यात किती चुकल्या? की लोक घडाघडा बोलायला लागत, घरच्यांनाही न सांगितलेलं सांगून मोकळे होत.

हे बाईंनीच हेरलं होतं. दुपारी त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आरोग्य मानसशास्त्रात एम. ए. कर. पूर्णवेळ. दुसऱ्या शहरात जावं लागेल, पण तिथल्या विद्यापीठाचं स्वतःचं रुग्णालय आहे, दोन वर्षं वॉर्डात काम मिळेल. मग पीएच. डी. कर, नाहीतर एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या हृदयविभागात लाग. इथली संध्याकाळची पदविका घेतलीस तर याच खोलीत म्हातारी होशील. शिफारसपत्र कशासाठी लिहू, ते उद्या सांग."

उद्या. घरी येताना तिने दोन्ही वाटा पुन्हा चालून पाहिल्या. पदविका म्हणजे दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, रात्री घर – सगळं सांभाळून, आणि शेवटी हीच खुर्ची. एम. ए. म्हणजे दुसरं शहर, वसतिगृह... शस्त्रक्रियेआधी भेदरलेली माणसं, घरी गेल्यावर व्यायाम सोडून देणारी माणसं, का सोडतात ते शोधून काढणं – या विचाराने तिला चालता चालता भूक लागल्यासारखं व्हायचं. पण बाबा. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला होता, आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि रक्तदाबाची गोळी चुकली तर पुढचा झटका हलका असेलच असं नाही. ती गोळी ते आपणहून घेत असतील तर ती जाऊ शकत होती. नसतील तर – नाही. इतकं सरळ होतं. मग वर्षभर मी त्यांना नीट विचारलं का नाही? रोज परक्यांना विचारते... आज विचारायचं. वाक्य तर तोंडपाठ होतं.

बाबा आरामखुर्चीत शब्दकोडं सोडवत होते, पेन अजून जरा सैलच धरलेलं.

"तुझ्या त्या कॉलेजचं काय झालं? जा बिनधास्त. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ती समोर बसली. बाबा, बऱ्याच जणांच्या चुकतात... ओठांपर्यंत आलं होतं.

"बाबा, गोळ्या वेळेवर घेता ना तुम्ही?"

"म्हणजे काय! एकही चुकत नाही." ते कोड्यातून मान वर न करता म्हणाले. "का गं?"

"काही नाही. सहज."

दवाखान्यात असल्या उत्तरावर तिने काडीचाही विश्वास ठेवला नसता. इथे ठेवला... नाही, ठेवलाही नव्हता, नुसता घेतला, आणि घेताना तिला बरं वाटलं. छान, मोकळं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. जीभ घसरली नव्हती, तिला तेच उत्तर हवं होतं. मला जायचंय. इतकं जायचंय, की त्यांनी खोटं सांगितलं तरी चालणार आहे? आणि खरं सांगितलं, तर मी राहीन – की राहून आयुष्यभर त्यांच्या नावाने बोटं मोडत बसेन?

नीट विचारायला अजूनही वेळ होता. बाबा तिथेच होते, कोड्यातला एक शब्द अडला म्हणून स्वतःशीच पुटपुटत. ती उठली नाही, आणि ते तोंडपाठ वाक्यही तिने वापरलं नाही. मी गेले तर, मी राहिले तर, ते बाबांमुळे – असं आता तिला कोणाला सांगता येणार नव्हतं.