पित्ताचं घराणं

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही पुस्तकं बांधायच्या एका खोलीत उभे आहात. ओल्या खळीचा वास येतोय. टेबलाशी आई पुठ्ठ्याला खळ लावते आहे, आणि शेजारी स्टुलावर तिची नऊ वर्षांची मुलगी बसली आहे. तिला सगळे बुटकी म्हणतात.

या घरात पित्ताच्या गोळ्यांचा एक डबा असायचा. आई दिवसाला पाच-सहा गोळ्या चघळायची, मामा त्याहून जास्त. आजोबांचंही तेच होतं. "लोकांच्या घराण्यात जमीनजुमला असतो," मामा म्हणायचा, "आपल्यात पित्त आहे." आणि सगळे हसायचे. बुटकीचं पोट दुखलं की तिलाही अर्धी गोळी मिळायची. मग ती ऐटीत फिरायची.

गोळीने जळजळ थांबायची, म्हणून कुणी डॉक्टरकडे गेलंच नाही. एक दिवस आईला रक्ताची उलटी झाली, तेव्हा कुठे ती गेली.

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पोट आतून पाहिलं. "अस्तरावर गाठी आहेत. मटाराच्या दाण्याएवढ्या, पण पुष्कळ. घरात कुणाला मुतखडा?"

"मला दोनदा, भावाला तीनदा. वडिलांनाही होता."

"मग हे साधं पित्त नाही. शरीरातल्या ग्रंथी रक्तातून निरोप धाडतात. तुमच्या घरात त्या ग्रंथींवर गाठी यायचा दोष जन्मापासून आहे. मुतखडेही त्यामुळेच. अशीच एक गाठ पोटाला सारखं सांगत बसते, आम्ल कर, अजून कर."

"मग काढून टाका की."

"सगळ्या निघत नाहीत. दर वर्षी बघायचं, वाढेल ती काढायची."

"आणि माझी मुलगी?"

"तिचं रक्त तपासू. असेल किंवा नसेल, शक्यता निम्मी-निम्मी."

मामाने तपासणीला साफ नकार दिला. "झाकली मूठ बरी, ताई," म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

तीन आठवड्यांनी दवाखान्यातून फोन आला, तेव्हा आईने नुकतीच एका पुठ्ठ्याला खळ लावली होती. ती दोनदा "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून बुटकीकडे वळली.

"मला पण आहे?" बुटकीने विचारलं.

आईने होकारार्थी मान हलवली.

"गोळ्या खाल्ल्या म्हणून?"

"नाही गं. माझ्याकडून आलंय तुला."

"तुला कुणाकडून?"

"आजोबांकडून."

बुटकीने जरा विचार केला. "मग तू तरी काय करणार होतीस?"

 

मुलांनो, एव्हाना पुठ्ठ्याच्या कडेची खळ वाळायला लागली होती. बुटकी स्टुलावरून उतरली, वर चिकटवायचा कागद दोन्ही कोपऱ्यांना धरला आणि एकटीनेच पुठ्ठ्यावर बसवला. तो जरा तिरका बसला. मग ती तळहाताने त्याच्या सुरकुत्या काढू लागली, मधून कडेकडे, आईने शिकवलं होतं तशा.