मथळ्याखालचं नाव

डोमाजीनं टाइपरायटरवरचे हात उचलले आणि वर पाहिलं.

"गुरुजी, सारं झालं. आता पयल्या पानावर लेखाचं नाव काय मारू, ते सांगा."

यशवंतरावांनी आधी दाराकडं पाहिलं. आदिलाबादच्या कचेरीसमोरची टपरी ती, येणारा-जाणारा डोकावणारच. मुलींच्या वसतिगृहात तीन पोरी तापानं गेल्या, दोन महिने तिथं औषध नव्हतं, हे त्यांनी पेपरासाठी इंग्रजीत चार पानं भरून लिहिलं होतं. लिहिताना हात थांबला नाही. मथळा द्यायची वेळ आली आणि ते अडले. मागल्याच महिन्यात शेजारच्या गावच्या मास्तरांना नक्षलवाद्यांचा माणूस म्हणून पोलिसांनी जीपमधून नेलं होतं. ते अजून परतले नव्हते.

"डेथ..." ते पुटपुटले. "नको नको, खोड ते."

"मारलंच नाई अजून."

"नेग्लिजन्स? छे, हलगर्जी म्हटलं की सरळ वसतिगृहाच्या साहेबावरच आळ. असं कर, सम डिफिकल्टीज इन अ गर्ल्स हॉस्टेल."

"मंजे काय जी?"

"वसतिगृहातल्या काही अडचणी."

खडखड करून डोमाजीनं पान ओढून दिलं.

पोस्टात पाकिटाला डिंक लावण्याआधी यशवंतरावांनी ते पान सहज पाहिलं, आणि हातातलं पाकीट खाली ठेवलं. मथळ्याखाली त्यांचं पूर्ण नाव, हुद्दा, शाळा, गाव! लेखाखाली आपलं नाव द्यायचंच नाही, असं ठरवून आले होते ते. पण डोमाजीला सांगायचं राहिलं. वीस वर्षं सगळ्यांचे, गुरुजींचेही, अर्ज टाइप करणारा माणूस, अर्जदाराच्या नावाशिवाय त्याचा कागद पुरा होतो का? अरे देवा, मेलो! बायको, दोन मुली, नोकरी, सगळं डोळ्यांपुढं आलं. ते तरातरा टपरीकडं मागं फिरले.

वाटेत मथळा पुन्हा नजरेस पडला. काही अडचणी. गेलेल्या एका पोरीची आई, बयनाबाई, दर बाजाराच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी येऊन विचारायची, "पेपरात आलं का जी? मले वाचून दाखवजा." खाली आपलं नाव नसतं, तर दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय म्हणून हाच मथळा तिला वाचून दाखवला असता. मनात तसं ठरलंही होतं. यशवंतरावांना स्वतःचीच लाज वाटली.

पान पाहताच डोमाजीनं जीभ चावली.

"हात सवयीनं चालला जी. काढून देतो नाव, दोन मिनटांत."

यशवंतराव बाकावर बसले.

"नाव राहू दे," ते म्हणाले. "वरचं बदल."

डोमाजीनं कोरा कागद चढवला. गुरुजींनी तिन्ही पोरींची नावं एकेक अक्षर करून सांगितली, आणि शेवटी, "डाइड विदाउट मेडिसिन." डोमाजीनं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी अर्थासकट सांगितलं, "औषधावाचून मेल्या."