फक्त पुत्रशाखा

बाबांच्या शोकसभेत वंशवृक्ष लावायचा, हे काकांनी ठरवलं. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं बाबांनी कॉम्प्युटरवरच्या त्या झाडात घातली होती. त्यांच्या खापरपणजोबांपासून सात पिढ्या, माणशी एक चौकट.

"दादाचा पराक्रम आहे, भिंतभर लावू," काका म्हणाले. बाबा असताना ते याला 'मेलेल्यांची हजेरी' म्हणायचे.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," आई पुटपुटली.

तो प्रोग्रॅम घरात मलाच येत होता. बाबांची नजर अधू झाल्यावर टाइप मीच करायची. ते खुर्चीतून सांगायचे, मी भरायची. लांबच्या नातेवाइकांना फोनही माझेच. "जावयांची आडनावं नीट विचार गं," ते बजावायचे. पडद्यावर त्यांच्या चौकटीखाली माझी होती, माझ्याखाली माझ्या लेकीची. तिची भरली त्या दिवशी म्हणाले होते, "बघ, फुटली की नाही पालवी?"

आता त्यांच्या चौकटीत मृत्यूची तारीख घातली. हिरवी चौकट करडी झाली. छापण्याआधी नमुना उघडला, तर त्यात मी नव्हते. लेक नव्हती. एकही आत्या नव्हती. बाबांच्या नावाखाली प्रोग्रॅमनेच लिहिलं होतं: वंशज नाहीत.

शोधलं. छपाईच्या पर्यायांत एका ओळीपुढे खूण होती: 'फक्त पुत्रशाखा'.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"मी? मला तो माउस उलटा की सुलटा ते कळत नाही!"

"ह्यांनीच करून घेतलं ते," आई दारातून म्हणाली. "शेजारच्या मास्तरांना बसवून. लेकी धरल्या तर पसारा वाढतो, कागदात मावत नाही म्हणाले."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

इतकी काळजी होती तर. मी खूण काढली. झाड चहूबाजूंनी फुटलं. आत्या, त्यांची मुलं, नातवंडं, सगळी मी फोनवर गोळा केलेली.

काका डोकावले. "अगं, भिंत आहे ती, मैदान नव्हे! असं कर, तुझी तेवढी चौकट ठेव. बाकीच्या लेकी काढ."

"आणि आत्यांनी विचारलं तर?"

"त्या कुठे बघतायत! आणि बघितलं तरी त्यांना सवय आहे."

क्षणभर मोह झाला, हे खरं. बाबांच्या खाली माझं एकटीचं नाव किती नीट बसलं असतं. मग वाटलं, बाबांनाही असंच काहीसं वाटलं असेल, कागदाकडे बघून.

"राहू दे," मी म्हणाले. "त्यांनी ठेवलंय तसंच छापते." खूण परत लावली.

सभेला पुष्कळ लोक आले. भाषणं झाली. मी पाण्याचे पेले फिरवत होते. बाबांच्या ऑफिसातले एक गृहस्थ चष्मा वर करून झाड वाचत होते. शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"अरेरे. मागे कोणीच नाही?"

शेजारी उभ्या काकांना एकदम खोकला आला. गृहस्थ माझ्याकडे वळले. "आपण त्यांच्या कोण?"

"टायपिस्ट," मी म्हणाले. "पाणी घ्या."