टेम्पोत न चढलेली हौसा

मी एक म्हातारी म्हैस आहे. पण हे मी म्हटलेलं चालतं, तुम्ही म्हणायचं नाही. नाव हौसा. राहणार कसबा बावडा, कोल्हापूर. जात पंढरपुरी, म्हणून शिंगं अशी लांब, की पाठीवरची माशीसुद्धा शिंगानं हाकलते. गोष्ट सांगताना ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणे. माझ्या दुधावर वाढलेल्यांना मी मित्र कशाला म्हणू? तेव्हा पोरांनो, गप बसून ऐका. शाळेत मी एकदाच गेलते. तिथल्या बागेतला कोथिंबिरीचा वाफा संपवला आणि परत आले. तेवढं शिक्षण मला पुरलं.

माझा जन्म आक्काताईच्या गोठ्यातला. आक्काताई ही आमची मालकीण. निदान तिला तसं वाटतं. धार काढताना तिचा हात गार लागला की मी बादली लाथाडायचे. “भवाने, तुझ्या नादात माझी निम्मी हयात गेली!” असं ती ओरडायची आणि मुकाट्यानं हात चुलीवर शेकून यायची. वळण कुणी कुणाला लावलं, ते तुम्हीच ठरवा.

तिच्या मुलाचं, अमरसिंहाचं लग्न निघालं, तेव्हा दोरीवर टाकलेल्या शालूचं एक टोक मी खाल्लं. चव काही नव्हती, नुसती जरीची तार दातात अडकली. सूनबाईनं ते कुरतडलेलं टोक निऱ्यांत लपवून लग्न लावून घेतलं. अजून मला वैरण टाकताना ती पदर घट्ट खोचते.

ऐन उमेदीत मी रोज संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभी असायचे. गिऱ्हाईक समोर उभं, हातात पेला, आणि त्यातच माझी धार. फेस मिशीला लागला की भलेभले पैलवान डोळे मिटायचे. माझ्या दुधात पाणी आहे असं म्हणायची सोय कुणाला नव्हती. सगळा कारभार डोळ्यांदेखत.

पण माझा खरा मान पाडव्याचा. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसं बांधायची, गळ्यात घुंगरमाळ घालायची. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन पुढं, आणि म्हैस दाव्याशिवाय मागं. अमरसिंहानं मला नदीच्या वाटेवर शिकवलं होतं. गाडी पळाली की पळायचं. गाडी थांबली की मागच्या चाकाला नाक लावून उभं राहायचं, आणि गाडी हलेपर्यंत कुणी शेपूट पिरगाळली तरी हलायचं नाही. पहिल्या पाडव्याला मी अशी पळाले, की लोक म्हणाले, “अमर, म्हैस हाय का पोलीस? तुझा पिच्छाच सोडंना!” त्या दिवशी त्यानं माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं होतं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं.

मग वय झालं. दूध आटलं. ह्या पाडव्याला माझ्या घुंगरमाळा नव्या म्हशीच्या गळ्यात गेल्या. ती पोरगी पळाली, पण वाटेत उसाचा टेम्पो दिसला आणि गाडीचा पिच्छा सोडून तिकडंच गेली. मी खुंट्यावरनं बघत होते. हसले नाही. म्हशी हसत नाहीत.

दिवाळी सरली आणि अमरसिंह आक्काताईला म्हणाला, “आई, भाकड जनावर किती दिस पोसायचं? व्यापारी बघतोय मी.”

“माझंबी दूध आटून लई वर्सं झाली,” आक्काताई म्हणाली. “मला कुठल्या बाजारात नेतोस?”

तो चपला घालून बाहेर पडला. मला वाटलं, विषय संपला. पण पौर्णिमेला आक्काताई नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेली, आणि तिची पाठ फिरताच दारात टेम्पो उभा राहिला. त्या टेम्पोतून गेलेली एकही म्हैस परत आलेली मी पाहिलेली नाही.

टेम्पोला फळी लावली. व्यापारी, त्याचा ड्रायव्हर आणि अमरसिंह, तिघांनी मला ढकललं. मी पाय रोवले. तेव्हा अमरसिंहाच्या डोक्यात अक्कल चमकली. त्यानं ती मोटारसायकल काढली, चालू केली, आणि फळीवरनं थेट टेम्पोत चढवली.

पोरांनो, तो आवाज कानात शिरला आणि माझे पाय आपोआप निघाले. पुढचे दोन पाय टेम्पोत, मागचे दोन फळीवर. तिथं गाडी थांबली. मीही थांबले. चाकाला नाक लावून.

“पावणं, आत घ्या की तिला,” व्यापारी म्हणाला.

“जागा कुठाय? गाडी पुढं केबिनला टेकली.”

“मग गाडी भाईर काढा.”

“मागं म्हैस हाय की!”

ड्रायव्हरनं शेपूट पिरगाळली. मी हलले नाही. उभं राहायचं मला अमरसिंहानं शिकवलं होतं. बसायचं मात्र मी माझ्या मनानं ठरवलं. तिथंच, फळीवर, ऐसपैस बसले. फळी करकरली. गल्ली गोळा झाली. अमरसिंहाला कठड्यावरनं उडी मारता आली असती, पण गाडी सोडून उतरेल तो अमरसिंह कसला!

गोठ्यामागच्या नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राजमतीकाकी राहतात. रोज मला केळीची सालं टाकतात. त्या वरनं ओरडल्या, “अमर, व्यापारी कुणाला न्यायला आलाय रे? हौसाला का तुला?”

उन्हं डोक्यावर आली तेव्हा आक्काताई परतली. हातात प्रसादाचे पेढे. तिनं मला बघितलं, टेम्पोतल्या लेकाला बघितलं, आणि व्यापाऱ्याला म्हणाली, “पावणं, आलाय तर मोकळं जाऊ नका. त्यो आत बसलाय त्यो न्या. खातोय दोन म्हशींचं आणि दूध थेंबभर देत न्हाय.”

“आक्का, पाया पडतो, टेम्पो मोकळा करा,” व्यापारी म्हणाला.

“ती माझं ऐकत न्हाय. त्यालाच बोलू द्या.”

अमरसिंह मान खाली घालून पुटपुटला, “हौसा कुठं जात न्हाय.”

“चौथ्या मजल्यावर ऐकू गेलं न्हाय.”

“हौसा कुठंच जाणार न्हाय!” तो ओरडला. काकींनी वरनं टाळ्या वाजवल्या.

मग मी उठले. सावकाश. मला घाई नव्हती.

पोरांनो, शेवटी काहीतरी मागायची रीत आहे म्हणून मागते. पण दया मागत नाही, ती तुमच्यापाशीच ठेवा. मी घर भरून दूध दिलंय, आता मी बसून खाणार. ज्या जीवाला तुम्ही तुमच्यामागं यायला शिकवता, त्याला कुठं नेताय ते आधी स्वतःला विचारा. आणि म्हातारं जनावर ओझं वाटत असेल, तर पाळूच नका. शोपीस आणा, त्याला वैरण लागत नाही.

माझा खुंटा दाराजवळचा आहे. नव्या म्हशीला बांधायचं असेल तर पलीकडं बांधा. आणि उद्या वैरणीला उशीर झाला, तर मी अशी रेकीन, की चारही मजल्यांच्या खिडक्या उघडतील.