घोडी आणि तारदान

मी सहा तारांची बास गिटार बोलतेय. माझ्या बहुतेक बहिणी चार तारांवर सुखाने संसार करतात. माझ्या वाट्याला दोन जास्त आल्या, एक खालच्या अंगाला जाड आणि एक वरच्या अंगाला बारीक. मी दुकानात रांगेने टांगलेल्यांपैकी नव्हे. एका बाईने मला मुद्दाम, स्वतःच्या मापाने बनवून घेतलं. आज माझं उत्तम चाललंय. पण मी कितीतरी दिवस मुकी होते, आणि वाचा फुटली तीही आधी चुकीचीच फुटली. ती हकीकत सांगते.

माझा जन्म घराच्या मागच्या बाजूला काढलेल्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, गल्लीकडे उघडणारी खिडकी, दोन बाकं आणि कोपऱ्यात सरसाचं भांडं. तिथे दोघंच काम करत, एक म्हातारा कारागीर आणि त्याची सून. लाकूड त्याच्याकडे, धातू आणि वायरी तिच्याकडे. जेवणाच्या टेबलावर ती त्याला "बाबा, अजून थोडं घ्या" म्हणायची आणि कारखान्यात "बाबा, हे वाकडं झालंय" म्हणायची. म्हातारा पहिलं निमूट ऐकायचा. दुसरं ऐकायला त्याला वेळ लागायचा.

माझं अंग अक्रोडाच्या हलक्या लाकडाचं. आतून त्यांनी मला पोकळ केलं आणि वरून मेपलची पातळ फळी चिकटवली. मान पाच पट्ट्या जोडून केलेली, म्हणून आजपर्यंत वाकलेली नाही. इथवर सगळं सुरळीत झालं. घोड्याने पेंड खाल्ली ती घोडीपाशी.

तार वाजते असं लोक म्हणतात, पण नुसती तार वाजून काय होणार? वरचं टोक खुंटीला गुंडाळलेलं असतं. खाली ती तार माझ्या पोटावरच्या एका उंचवट्यावरून जाते. आताचे लोक त्याला ब्रिज म्हणतात, जुने लोक घोडी. घोडीवरून उतरलेली तार जिथे अडकवतात ते तारदान. तारेची थरथर घोडीतूनच माझ्या अंगात उतरते. घोडी कशाची आणि किती जड, त्यावर किती थरथर अंगात जायची आणि किती तारेतच राहायची ते ठरतं. थोडक्यात, माझा स्वभाव अजून ठरायचा होता.

म्हाताऱ्याच्या मनात तो कधीच ठरला होता. त्याच्याकडे पितळेचा एक ब्रिज होता, घोडी आणि तारदान एकातच ओतलेले, तळहाताएवढा आणि चांगलाच वजनदार. तो त्याने स्वतः घडवला होता आणि योग्य वाद्य मिळेपर्यंत फडक्यात गुंडाळून ठेवला होता. मुलीसाठी दागिना जपून ठेवावा तसा.

जिच्यासाठी मी बनत होते ती बाई दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची. "लोकांची तोंडं मी भरते, माझं पोट त्यावर भरतं," असं ती सांगायची. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ती भावाच्या वाद्यवृंदात बास वाजवायची. भाऊ ड्रम वाजवायचा. मला बनवायला टाकताना तिने एकच अट घातली होती. "काका, छातीत लागली पाहिजे," ती म्हणाली होती. आवाज भरदार हवा असं म्हणायचं असेल, असं समजून म्हाताऱ्याने मान हलवली.

त्याने पितळी ब्रिज माझ्या पोटावर स्क्रूने आवळला, तारा चढवल्या, आणि मला वाचा फुटली. काय सांगू, एक स्वर छेडला की तो संपतच नव्हता. घंटेसारखा स्वच्छ, लांबलचक. सून हातातलं काम ठेवून ऐकत राहिली. म्हातारा मिशीतल्या मिशीत हसला. मलाही माझं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाई आली, खुर्चीवर बसली, मला मांडीवर घेतलं. थोडा वेळ वाजवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ही लांब कुठेतरी वाजते."

"लांब? तुमच्या मांडीवर तर आहे," म्हातारा म्हणाला.

त्याने पाठ फिरवली, कानस उचलली आणि घासता घासता विचारलं, "पट्टा रुंद लावू की अरुंद?"

बाई गप्प. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा ती घाईने "हो, हो" म्हणाली.

ती गेल्यावर म्हातारा बराच वेळ धुमसत होता. "बाई भारी शिष्ट आहे. आपण विचारावं आणि हिने उत्तरही देऊ नये. वर म्हणे लांब वाजते. आयुष्यात असा ब्रिज कुणी लावला असेल हिच्या गिटारीला?"

 सुनेने मात्र दुसरंच काहीतरी पाहिलं होतं. वाजवताना बाईने मान खाली घालून जबड्याचं हाड माझ्या अंगाच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर टेकवलं होतं, घट्ट, आणि डोळे मिटले होते. मला तर ते चांगलंच जाणवलं होतं. आजवर मला कुणी जबड्याने चाचपलं नव्हतं.

पुढच्या खेपेला म्हातारा लाकडाच्या वखारीत गेला असताना बाई आली. सुनेने तिला समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "ताई, तुम्हाला ऐकायला कमी येतं का?"

बाईने आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उजवा गेलाच आहे. डावाही त्याच वाटेला लागलाय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी हात टेकले. घरात बोलणं कळतं, समोर तोंड दिसलं की. पण स्टेजवर सगळा नुसता गलका होतो. मागे एका कार्यक्रमात मी चुकीच्या जागी शिरले आणि सगळं गाणं कोलमडलं. गाणाऱ्याने असं पाहिलं माझ्याकडे. दादा म्हणाला, होतं असं. पण एकदा होतं, दोनदा होतं. त्यालाही कळेलच."

"त्यांना सांगितलं नाही?"

"त्याने मला वाजवायला शिकवलं. त्याला कसं सांगू? हाडातून मला अजून कळतं. ही छातीला लावून जर कळली तर वाजवेन. नाहीतर आपणहून थांबेन, कुणी सांगायच्या आधी." मग ती म्हणाली, "काकांना बोलू नका. कीव करून बनवलेली गिटार मला नको."

सुनेने शब्द दिला, आणि तिथेच ती अडकली. कारण संध्याकाळी म्हातारा परतला तेव्हा तिला त्याच्याकडून तो ब्रिज काढून घ्यायचा होता आणि कारण मात्र सांगायचं नव्हतं.

"बाबा, पितळेचा काढूया. लाकडाची घोडी करू, हलकी. तारदान वेगळं, खाली काठाला."

"का?"

"त्यांना नाही आवडला."

"का नाही आवडला?"

"कारण काही नाही," सून म्हणाली. म्हाताऱ्याने चष्मा काढला. "तू या घरात आलीस तेव्हापासून कारण दिल्याशिवाय माझा एक खिळा हलवला नाहीस. आज कारण नाही म्हणतेस. मग ब्रिजही हलणार नाही."

दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या. जेवताना "अजून थोडं घ्या" झालं नाही. मी बाकावर आडवी पडून होते, गळ्यात दागिना घातलेली आणि कुणालाच नको असलेली.

सकाळी सून कापसाचे दोन बोळे घेऊन आली. ते तिने म्हाताऱ्याच्या हातावर ठेवले. "कारण विचारू नका. हे कानात घाला, वर ते करवतीच्या वेळचे कानझाप लावा, आणि हिला छातीशी धरून वाजवा. एवढंच करा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. पण त्याने ते केलं. त्याने जाड तार छेडली. तार सुंदर वाजत होती, पण ते मला माहीत; त्याला नव्हे. त्याच्या छातीपर्यंत काहीच पोचत नव्हतं. पितळेचा तो गोळा माझ्या पोटावर असा बसला होता की मला हलायची सोय नव्हती. सगळा आवाज तारेत राहत होता आणि अंग थंड. म्हाताऱ्याने पुन्हा छेडली, जोरात. मग त्याने बोळे काढले. त्याला ते खुर्चीतलं "हो, हो" आठवलं असावं.

 त्याने सुनेकडे पेचकस मागितला.

शिसवीच्या तुकड्यातून त्याने घोडी कोरली, कमानदार, मधून पोखरलेली, इतकी हलकी की फुंकर मारली तर उडेल असं वाटावं. तारदानही आधी लाकडाचंच केलं. तारा ताणायला घेतल्या आणि सर्वांत जाड तारेने ते मधोमध चिरलं. तार सुटून खिडकीच्या चौकटीवर आपटली. सून म्हणाली, "धातूच लागेल, पण पातळ. आणि ते पोटाला टेकायला नको, नुसतं काठाला धरून राहायला हवं." पितळेची तशी पट्टी घरात नव्हती. म्हणजे होती, एकाच ठिकाणी.

म्हाताऱ्याने तो जपलेला ब्रिज स्वतः बाकावरच्या पकडीत आवळला. "मी कापू का?" सुनेने विचारलं.

"नको. माझा आहे, मीच कापतो."

करवत चालत असताना तो एकदाही थांबला नाही. ब्रिजच्या तळाच्या पत्र्यातून माझं तारदान झालं, बोटभर रुंद, सहा भोकांचं. सुनेने ते कानसून गुळगुळीत केलं आणि माझ्या खालच्या काठाला बसवलं. पोटावर जुन्या स्क्रूंची भोकं उरली, त्यांत त्यांनी मेपलच्या गुंड्या ठोकल्या. देवीच्या व्रणांसारख्या त्या अजून दिसतात. मला त्यांची लाज वाटत नाही.

बाई आली. या वेळी म्हातारा खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसला, मिशा ओठांवरून बाजूला सारल्या आणि सावकाश म्हणाला, "बघा, लागते का छातीत."

बाईने आधी सुनेकडे पाहिलं. सुनेने मान नकारार्थी हलवली, म्हणजे "मी नाही सांगितलं." मग बाईने जाड तार छेडली. माझा स्वर आता तितका लांब नव्हता; लवकर विरायचा, थोडा घोगरा होता. पण अंग असं थरथरलं की तिच्या ब्लाउजचं बटण माझ्यावर टकटक करायला लागलं. तिने दुसरी तार छेडली, तिसरी. बारीक तारेपर्यंत गेली आणि परत आली.  बाईचं नाक लाल झालं होतं.

"पट्टा रुंदच लावा, काका," शेवटी ती म्हणाली. "मागे विचारलं होतंत, ते नंतर कळलं मला, सूनबाईंकडून."

वाद्यवृंदाची तालीम टायरच्या दुकानावरच्या खोलीत चालायची. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा गाणाऱ्याने भुवया उंचावल्या, "एवढ्या तारा कशाला?" बाईने मला छातीशी ओढून घेतलं. भावाने ड्रमच्या काठ्या खांद्याच्याही वर नेल्या आणि गाणं सुरू झालं. मला खालून त्याचा ठोका जमिनीतून येताना कळत होता, आणि वरून तिचा श्वास. ती एकदाही चुकली नाही. मधे एका जागी तर तिनेच सगळ्यांना ओढून नेलं.

बाकीचे गेल्यावर भाऊ झांजा पुसत बसला. बाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले."

"माहीत आहे," भाऊ म्हणाला, तोंड वर करून, तिला दिसेल असं. "मी काठ्या एवढ्या वर उचलायला लागलो ते कशाला? मला काय व्यायाम हवा होता?"

"मला वाटलं, वय झालं आणि तू दिखावा करायला लागलास."

"खांदा दुखतो माझा. रोज शेकतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस. तुझं होतं ते, तू सांगशील म्हटलं." त्याने फडकं खाली ठेवलं. "आज मात्र तू काठ्यांकडे बघितलंच नाहीस. मी उगाच उचलत होतो."

बाई त्याच्या शेजारी स्टुलावर बसली आणि त्याचा खांदा दाबत राहिली. मी भिंतीला टेकून होते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. डावा कानही गेला. म्हातारा कारागीर गेला, सून कारखाना चालवते; माझी घोडी एकदा झिजली तेव्हा तिने नवी कोरून दिली. जिथे बाईच्या बरगड्या टेकतात तिथलं माझं पॉलिश उडालंय. मोठे कार्यक्रम आता कमी झालेत, पण दुपारी ती घरी एकटी असते तेव्हा मला घेते. वायर लावत नाही. वाजवते ते खोलीत धड ऐकूही जात नाही. तिच्या हाडांना कळतं आणि मला कळतं, आणि आमचं तेवढ्यावर भागतं.

म्हणून एक विनंती. आमच्याकडे कधी आलात तर बेल दाबा. आत दिवा लागतो, तो तिला दिसतो. तरी दार लगेच उघडलं नाही तर पुन्हा पुन्हा दाबू नका. जरा जिन्यात थांबा. गाणं अर्धवट सोडायची तिला सवय नाही.