पहिलं नको

आत्या परदेशात यायला तयार झाल्या त्या एकाच अटीवर. आपल्यापायी कुणाला त्रास व्हायला नको.

"तू नुसती चल गं," भाच्याने हात जोडले. "तुझ्या शाकाहाराची जबाबदारी माझी."

आणि त्याने ती चोख पार पाडली होती. मोठी हॉटेलं सोडून समुद्राजवळच्या एका बाईच्या घरातल्या दोन खोल्या घेतल्या होत्या. आठ दिवस घरात मांस, मासे, अंडं काही शिजवणार नाही, असं त्या बाईने आपणहून कळवलं होतं. आत्यांनी ते ऐकलं आणि मनातल्या मनात पांडुरंगाला नमस्कार केला. कुठल्या मुलखात कुणाच्या रूपाने उभा राहील, त्याचा काही नेम नाही.

पहिल्या दिवशी सगळे उन्हातून आले. जेवणाची खोली गार होती, फरशी नुकतीच पुसलेली. घरमालकिणीने पाव आणि काकडीच्या चकत्या वाढल्या, मग आतून वांगी-टोमॅटोचं वाफाळतं पातेलं आणलं. वासानेच आत्यांची भूक खवळली. बाईने पळी भरून भुवया उंचावल्या. आत्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"नको, नको!"

आता आपल्याकडे पहिल्या नकोला विचारतो कोण? वाढणारी म्हणते, "अहो, असं कसं!" मग दुसरं नको येतं, जरा खालच्या आवाजात. मग हात आपसूक बाजूला सरकतो आणि ताटात दोन पळ्या पडतात. साठ-पासष्ट वर्षं आत्या अशाच जेवत आल्या होत्या. ही बाई मात्र गोड हसली आणि पातेलं घेऊन पुढे गेली. आत्यांचा हात चार चकत्यांची राखण करत तसाच राहिला.

संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. म्हातारीला इतकं लागत नाही, असं समजून बाईने त्यांना लहान ताटली दिली. तिसऱ्या दिवशी बशी आली.

"आत्याआजी, तुझी बशी माझ्या बाहुलीच्या मापाची आहे!" भाच्याची लेक चिमी ओरडली.

"म्हाताऱ्या माणसाला लागतं किती गं?"

तेवढ्यात आत्यांच्या पोटाने असा काही आवाज काढला की चिमी खुदकन हसली. "पोट म्हणतंय, पुष्कळ लागतं!"

दुपारी सगळे लवंडले की आत्या पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढायच्या. चौथ्या दिवशी तळाचा चुराही संपला आणि नेमका तो रिकामा डबा भाच्याच्या हाती लागला.

"आत्या, चार दिवस तू लाडवांवर काढलेस? मला सांगायचं तरी! मीच तुला ओढून आणलं. आजच तिकिटं बदलतो. उद्या घरी."

चिमीच्या हातातली वाळूची बादली खाली पडली. तिने भोकाड पसरलं. आत्यांना वाटलं, ज्याची भीती होती तेच झालं. सगळ्यांच्या सुट्टीवर आपल्यामुळे पाणी पडणार.

भाचेसुनेला घरमालकिणीची भाषा मोडकीतोडकी यायची. ती हळूच म्हणाली, "आत्या, ती बाई रोज मला विचारते, काय चुकतंय म्हणून. आज म्हणाली, भांड्यांना अजून माशांचा वास येतो का? पुन्हा घासायला बसलीय."

आत्यांना राहवेना. "अगं, कसला वास! वासानेच तर जीव कासावीस होतो माझा. पण ती मेली दुसऱ्यांदा विचारतच नाही!"

भाचा मटकन खाटेवर बसला. "मग पहिल्यांदाच हो म्हणायचं ना!"

"पहिल्याच हाकेला? हावरटासारखं?"

तो पोट धरून हसत सुटला. भाचेसून मात्र तशीच खोलीबाहेर गेली.

आत्या तोंड धुवायला उठल्या. देवळात कीर्तन संपलं की बुवा प्रसाद वाटायचे. तिथे कधी त्या नको म्हणाल्या होत्या? उलट आधीपासूनच ओंजळ पुढे. मग या बाईने आपल्यासाठी घासून घासून शिजवलेलं अन्न कुठे वेगळं होतं? आणि आपण चार दिवस त्यावर हात आडवा धरून बसलो. पदराने तोंड पुसून त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. फडताळातलं सगळ्यात मोठं ताट काढून त्यांनी ते दोन्ही हातांनी बाईपुढे धरलं.

"वाढ बाई," त्या मराठीतच म्हणाल्या. "भूक लागलीय."

बाईचे साबणाचे हात थांबले. मग तिने हात पुसले, झाकण काढलं आणि पळी भरली. ताट हललं नाही. दुसरी पळी पडली, भात पडला. आत्या तिथेच स्टुलावर बसून जेवल्या. बाई समोर बसून कसलीशी चाल गुणगुणू लागली आणि आत्यांच्या डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर ठेका धरू लागली. पुन्हा वाढून झालं. पोट तुडुंब भरलं.

पळी परत पुढे आली. आत्यांनी हात आडवा धरला. "नको गं, आता खरंच नको."

बाईने डोळे वटारले, बोट नाचवलं आणि अडखळत, पण खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो, असं कसं! असं कसं!"

ताटात दोन पळ्या पडल्या.

दारात भाचेसून पदर तोंडाला लावून हसत होती. "मघाशी मीच शिकवलं, आत्या."

"छान केलंस," आत्या घास उचलत म्हणाल्या. "तिकिटं राहू देत म्हणावं त्याला. पण आता हिला थांबायचं कधी, तेही तूच शिकव!"